श्रावणातला मासा

आमच्या वाडीत समुद्र पाहिलेली माणसं मोजून तीन, तीही मुंबईच्या गिरणीत कामाला. बाकीच्यांना मासा ठाऊक तो वाळवलेला. तरी दामले गुरुजींना खूळ लागलं. महाडहून त्यांनी एक सचित्र मासिक आणलं आणि पोरांना सांगितलं, "खोल समुद्रातले मासे काढा. तिथे इतका अंधार असतो, की काही मासे डोक्यावर दिवा घेऊन फिरतात."

शनिवारी शाळा तपासायला साहेब येणार होते आणि सगळ्यात छान चित्राला रंगपेटी देणार होते. आवडी नावाच्या पोरीचा जीव त्या रंगपेटीत अडकला. हळद, गेरू आणि तव्याची काजळी घेऊन तिने असा गुबगुबीत मासा काढला, की बघत राहावं.

पण शाळा भरायची भैरीच्या देवळात, आणि महिना श्रावणाचा. आवडीचा आजा कोंडाजी गावकीचा म्होरक्या. भिंतीवरची चित्रं बघून तो भडकलाच.

"श्रावणात देवळात म्हावरं? देऊळ बाटंल की!"

"अहो, ही नुसती चित्रं आहेत," गुरुजी म्हणाले.

"चित्रं हायत, पन माशांची हायत."

गावकी बसली. आमची गावकी एकदा बसली की काहीतरी ठरवूनच उठते, मग त्यात शहाणपण असो वा नसो. ठरलं असं: ज्याचं कालवण होईल तो मासा बाहेर, ज्याचं होणार नाही तो राहील.

मोरूचा मासा म्हणजे नुसते दात. "ह्यो आपल्यालाच खाईल. ऱ्हाऊ दे," कोंडाजी म्हणाला. शकूच्या माशाचं पोट आरपार दिसत होतं. त्यात खायला काहीच नाही, म्हणून तोही राहिला. आवडीच्या माशापुढे मात्र कोंडाजीने आवंढा गिळला. श्रावण अर्धा सरला होता, बिचाऱ्याचा काय दोष!

"काढा ह्यो," तो म्हणाला.

आवडीला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिने माशाला शिंगं काढली.

"शिंगं मोडायची," कोंडाजी म्हणाला.

तिने अंगभर काटे काढले.

"काटं आसनारच. चिंच जरा जास्त घालायची."

तिने डोक्यावर दिवा काढला.

"बरं झालं. रांधायला उजेड."

गावकी खदखदून हसली आणि आवडीचं डोकं फिरलं. काजळीत बोट बुडवून तिने माशाला झुपकेदार मिशा काढल्या, कपाळावर आठ्या घातल्या आणि पुढच्या दोन दातांत एक फट ठेवली. लोक एकदा माशाकडे बघत, एकदा कोंडाजीकडे.

"आता सांग आज्या, व्हईल कालवन?"

कोंडाजीचा हात आपसूक स्वतःच्या मिशीवर गेला. तेवढ्यात दिवा लावायला आलेली त्याची बायको बनुबाई खांबाआडून म्हणाली, "जलमभर चुलीपुढं बसलेय गो मी. ह्यो मासा काय शिजत नाय."

मासा राहिला.

शनिवारी साहेबांनी आवडीच्या हातात रंगपेटी ठेवली आणि कौतुकाने विचारलं, "हा मासा कुठल्या समुद्रात सापडतो?"

गुरुजी चाचरले. कोंडाजी मात्र मिशीला पीळ देत पुढे झाला.

"समुद्रात नाय, सायेब. ह्यो आमच्या वाडीचा हाय. नातीनं काढलाय."