वजन-उंचीच्या खोलीतला पडदा

मी पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. दवाखान्यात तीन लोखंडी चौकटी बिजागऱ्यांनी जोडून त्यांवर कापड ताणतात आणि खाली चाकं लावून इकडून तिकडे ढकलत नेतात, तो मी. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझी दोन चाकं जागेवर अडून बसतात, कापड चारदा बदललंय आणि मधली बिजागरी तारेने बांधली आहे. उभा राहून राहून मी दमलो आहे. तरी माझी गोष्ट सांगतो, कारण ती नुसती माझी नाही.

माझा जन्म रुग्णालयाच्या मागच्या शेडमधला. एका वेल्डरने दुपारच्या दोन तासांत मला उभं केलं, पायाने हलवून पाहिलं आणि "पडत नाही, झालं तर," असं म्हणून तो जेवायला गेला. एवढंच माझं कोडकौतुक. पहिली बारा वर्षं मी पुरुषांच्या मोठ्या वॉर्डात काढली. तिथे मला कुणी आवडीने बोलावत नसे. एखाद्या खाटेभोवती मला ओढलं की शेजारच्या खाटांवरचे लोक गप्प व्हायचे आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. का, ते तुम्हाला मोठे झाल्यावर समजेल. पुढे छतावरून सरकणारे नवे पडदे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. फाटक्या गाद्यांच्या संगतीत मी दोन वर्षं धूळ खात पडलो.

त्या धुळीतून मला सोडवलं ते एका सिस्टरने. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि प्रसूतीच्या वॉर्डात पाच वर्षं काम करून आली होती. तिथे तिने फार कोवळ्या वयाच्या मुली पाहिल्या होत्या. आपल्या शरीरात काय चाललंय, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सिस्टरने वरिष्ठांचं अक्षरशः डोकं खाऊन वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी एक वेगळी खोली मिळवली. खोली कसली, तीच अडगळ! गाद्या बाहेर गेल्या, मी राहिलो.

"हा कशाला ठेवता? जागा अडवतोय नुसती," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या.

"याच्याशिवाय कोण तोंड उघडेल, मावशी?"

उभ्या जन्मात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

पहिला महिनाभर मात्र एकही मूल फिरकलं नाही. दोष पाटीचा होता. 'किशोरवयीन लैंगिक व प्रजनन आरोग्य मार्गदर्शन कक्ष' अशी लांबलचक पाटी दारावर ठोकलेली. त्या पाटीखालून आत शिरायची कुणाची छाती होणार? शेवटी सिस्टरने ती पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर रंगाने लिहिलं, 'वजन-उंची'. मग रीघ लागली. मावशींना कोडं पडलं. "रोज मोजून उंची वाढते का यांची?" त्या विचारायच्या. सिस्टरच्या सासूबाईंचीही त्या पाटीने सोय झाली. त्या शेजारणींना ऐटीत सांगायच्या, "आमची सून वजनं करते."

मुलं काय काय विचारायची! पाळी मागेपुढे का होते, आवाज का फुटतो, झोपेत जे होतं तो आजार तर नाही ना, कुणी मनाविरुद्ध हात लावला तर कुणाला सांगायचं. मुलगे तर भारीच भित्रे. मिसरूड फुटलेला आडदांड गडी माझ्या आड आला की त्याचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा व्हायचा. सिस्टर कधी हसली नाही, कधी भुवई उंचावली नाही. गुडघा, कोपर म्हणावं तितक्या सहज ती प्रत्येक अवयवाचं नाव घ्यायची आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा. निघताना बहुतेकांचा एकच प्रश्न असे, "घरी सांगणार नाही ना?" त्यावर ती म्हणायची, "इथलं इथेच राहील. तुझ्या जिवाला धोका असेल तरच सांगेन, आणि तेही आधी तुला सांगून."

खरी अडचण होती आयांची. लेक आत आली की आई सावलीसारखी मागे यायची आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं आईच द्यायची. "बाहेर थांबा" म्हटलं की त्यांचा फणकारा ठरलेला. म्हणून सिस्टरने एक युक्ती काढली. केसपेपर आईच्या हातात द्यायची आणि सांगायची, "यावर तेवढा खालच्या खिडकीवरून शिक्का आणा." तसल्या शिक्क्याची गरज कधीच नव्हती. खिडकीवरचा कारकून कटात सामील होता. सिस्टरने पाठवलेला कागद दिसला की तो आधी चष्मा पुसायचा, मग शाई शोधायचा आणि बरोबर दहा मिनिटं घालवायचा. त्या दहा मिनिटांत माझ्या आड किती अश्रू गळून गेले असतील, मोजदाद नाही.

कौतुकही झालं. एकदा मोठे पाहुणे आले. त्यांच्यासाठी मला फुलाफुलांचं नवं कापड चढवलं, सिस्टरला माझ्याशेजारी उभं करून फोटो काढला. तो फोटो बरीच वर्षं कार्यालयात होता. भिंतींना रंग दिला तेव्हा उतरवला, तो परत लागला नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिने आम्हा दोघांचं वय एका दिवसात वाढवलं.

त्या सकाळी शिंपीणबाई आपल्या सतरा वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. बोटांना सुया टोचून टोचून खरखरीत झालेली, कामातून उठून आलेली बाई. कडेवर सहा वर्षांची धाकटी. "हिला चक्कर येते म्हणे. अभ्यास नको, दुसरं काय!" त्या म्हणाल्या. सिस्टरने सवयीने कागद पुढे केला. खिडकीवरचा कारकून त्या दिवसापासून रजेवर होता. आदल्या संध्याकाळी त्याने वर येऊन तसं सांगितलंही होतं. पण आदल्या दिवशी सिस्टरने शाळेची अख्खी तुकडी तपासली होती आणि त्याच्या बोलण्याला ती नुसती "हो हो" म्हणाली होती. ऐकलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

आई गेली. मुलगी माझ्या आड स्टुलावर बसली. ती जे बोलली त्यातलं मी तेवढंच सांगतो, जेवढं पुढे साऱ्या गल्लीला कळलं. दोन महिने तिची पाळी आली नव्हती आणि ती का आली नसावी, या भीतीने तिला झोप नव्हती. सिस्टरने तिचा हात हातात घेतला. "आपण तपासणी करू. पाच मिनिटांत कळतं. काहीही निघालं तरी वाट असते, आपण दोघी मिळून ठरवू," ती म्हणाली. मुलीने तपासणी करून घेतली, परत येऊन बसली आणि रडत रडत उरलेलं सगळं सांगून टाकलं.

"आईला सांगणार नाही ना?"

"इथलं इथेच राहील."

मित्रांनो, तेव्हा तिची आई माझ्या दुसऱ्या बाजूला उभी होती. बदलीवरच्या माणसाने कागद पाहताच परत केला होता, "याला शिक्का लागतच नाही हो बाई." तेच सांगायला त्या आल्या होत्या. आत लेकीचं रडणं ऐकलं आणि जागीच थबकल्या. आधारासाठी त्यांनी माझी नळी धरली. सिस्टरला त्या दिसल्या नाहीत, त्या माझ्यामुळे. पलीकडचं दिसू नये म्हणूनच तर मला बनवलं होतं! चाकं असून मला वीतभरही सरकता येत नाही. धाडकन पडावं, निदान आवाज व्हावा, असं फार वाटलं. मी पडलो नाही.

शिंपीणबाई पुढे आल्या. ओरडल्या नाहीत, मारलं नाही. लेकीचं मनगट धरून नुसतं म्हणाल्या, "चल."

"बाई, दोन मिनिटं बसा, निकाल येतोय," सिस्टर विनवत होती.

"खूप झालं तुमचं वजन-उंची."

जाताना मुलीने सिस्टरकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटलं होतं, सिस्टरनेच आईला तिथे उभं केलं.

निकाल आला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. काहीही नव्हतं. काळजीनं आणि उपाशी राहण्यानं पाळी चुकली होती. सिस्टर कुणाच्या घरी जात नसे, तो तिचा नियम होता. चार दिवस तिने वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी नियम मोडून गेली. मोठीला मामाकडे पोहोचवायला सगळे गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिची शाळा कायमची सुटली होती. वर शेजाऱ्यांनी डोळे मिचकावून कारणही सांगितलं. परत आल्यावर सिस्टर त्याच स्टुलावर बसली आणि मावशींना म्हणाली, "कारकुनाने सांगितलं होतं हो मला. मी विसरले." मावशींनी पंखा लावला.

त्या दिवसापासून शिक्क्याची युक्ती बंद झाली. सिस्टर आता सरळ सांगे, "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा." काही आया बसत. बऱ्याच जणी लेकीला घेऊन तरातरा निघून जात. आणि तिला एक खोड लागली. मूल बोलत असताना ती मध्येच उठे आणि माझ्या मागे डोकावून पाही. मुलं दचकायची. "कोण आहे?" "कुणी नाही, बोल तू." पण एकदा तुटलेलं बोलणं नीट जुळत नसे. दिवसातून पंधरा-वीस वेळा, अशी दहा वर्षं ती उठत राहिली. केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, तरी उठायची. माझ्या मागे कुणी नाही हे तिला ओरडून सांगावंसं वाटे. तिला विश्रांती हवी होती आणि ती मला देता येत नव्हती.

निवृत्तीला तिचे चार महिने उरले होते, तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. कडेवरची धाकटी एवढी मोठी झाली होती. सिस्टरने शिंपीणबाईंना ओळखलं आणि तिचा हात टेबलावरच्या कागदांवर तसाच राहिला. धाकटीला वजनकाट्याकडे पाठवून शिंपीणबाई हळू आवाजात बोलू लागल्या.

"तेव्हा काही नव्हतंच. मामाकडे गेल्यावर महिन्याभरात कळलं. पण तोवर मी तिला नाही नाही ते बोलून बसले होते."

"आता कशी आहे ती?"

"लग्न झालं, बरं चाललंय. रविवारी फोन करते. 'जेवलीस का, औषध घेतलंस का,' एवढंच विचारते. तिला मूल झालं ते मला शेजारणीकडून कळलं. इथे त्या दिवशी मी तिचं सगळं ऐकलं, सिस्टर. त्यानंतर तिने मला काहीच सांगितलं नाही."

सिस्टर म्हणाली, "चूक माझी होती."

"असेल. पण कान माझे होते." मग त्या धाकटीकडे पाहत म्हणाल्या, "हिला काहीतरी विचारायचंय. काय ते मला ठाऊक नाही. मी त्या टोकाच्या बाकावर बसते. तिथे काही ऐकू येत नाही, मी आधीच बसून बघितलंय."

आणि त्या खरंच गेल्या. जाताना दार स्वतः ओढून घेतलं.

मित्रांनो, माझं कापड पुन्हा विरलं आहे. नवीन सिस्टर आली की मला ठेवतात की भंगारात देतात, कोण जाणे. त्याचं मला फारसं वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी विश्वासाने बोलत असेल तर माझ्यासारख्याच्या मागे कान लावून उभं राहू नका. काळजी असली तरीही नको. लांब बसा, वाट पाहा, दमलात तरी पाहा. आणि तुमच्या मनात काही सलत असेल तर अशी एखादी खोली शोधा, तिथे दार लावून बोला.

धाकटी स्टुलावर बसली, घसा खाकरला आणि बोलू लागली. ती काय बोलली, ते मी तुम्हाला सांगणार नाही.