मूल बरोबर असल्यास विक्री नाही

“अगं, एक सांगते, बाबांची दारू एकदम तोडू नकोस. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू,” नणंद फोनवर म्हणाली होती.

नणंद लांबच्या शहरात नर्स. पण सुनेला वाटलं, ही नर्स बोलत नाही, लेक बोलतेय. बापाचा ग्लास लेकीला कधी जड झालाय? “हो हो, ताई,” म्हणून तिने फोन ठेवला आणि तान्हीचं दुपटं बदलायला घेतलं. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

सासरा तसा लाख माणूस. जन्मभर बस चालवली, कुणाला साधा ओरखडा काढला नाही. सासूबाई गेल्यावर मात्र दुपारी बिअर आणि दिवेलागणीला रम असं त्यांचं वेळापत्रक बसलं ते बसलंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही, तोल जाणं नाही. खिडकीतल्या खुर्चीत बसायचे, नातीला मांडीवर घ्यायचे आणि रस्त्यावरच्या बसवाल्यांच्या चुका काढायचे. नात दिसेल त्या शर्टाची बटणं ओढायची, म्हणून तिचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, बटण.

पण सून काळजीखोर. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. घरात तान्हं मूल, आणि ते मूल रोज पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या मांडीवर. बाळ शांत झोपलं तरी नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती. सासऱ्याच्या हातून एक दिवस पोर सुटेल, हा विचार तिला सोडायचा नाही. तोंडावर बोलायची सोय नव्हती, कारण माणूस चांगला होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं!

त्यात त्या भागातला दारूचा कायदा म्हणजे पणजोबांच्या वेळचा. सूर्य मावळला की दुकान बंद, कारण कायदा झाला तेव्हा गल्लीत कंदील होते. बिअर थंड करून विकायची नाही, कारण कुणा थोर माणसाला वाटलं होतं की गरम बिअर लोक कमी पितील. दुकानात फ्रीज होता आणि त्यात दुकानदाराची पाण्याची बाटली होती. लोक उन्हातल्या चहासारखी बिअर घरी नेत आणि बादलीत बुडवत. माणशी दोनच बाटल्या, म्हणजे साठवण नाही, रोज हेलपाटा. आणि दारावर ठळक अक्षरात पाटी: मूल बरोबर असल्यास विक्री नाही.

दुकानदाराला सगळे बूचशेठ म्हणत. बुटका, गच्च, मानेला जागाच नाही. “वरून नियम येतात, खालून शिव्या येतात, मी मधलं बूच,” असं तो स्वतःच सांगायचा.

त्या वेळी असं जुळून आलं की आठवड्याची सुट्टी, महिनाअखेरची मालमोजणी आणि मतदान एकापाठोपाठ पडलं. तीन दिवस सलग बंदी. आदल्या दिवशी दुकानासमोर ही रांग! सुनेने ती खिडकीतून पाहिली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. सरकारच तीन दिवस दार लावतंय. तीन दिवस निभावले तर चौथ्या दिवशी आठवणही यायची नाही.

सासरे पायात चपला घालतच होते. ती कपाळ दाबत आली.

“बाबा, माझं डोकं ठणकतंय. बटणला जरा फिरवून आणता?”

“आत्ता?” त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा नातीकडे. ऊन उतरत होतं. “आण इकडे. पड तू जरा.”

ती पडली नाही. पडद्याआडून बघत बसली.

परतले ते रिकाम्या हाताने, पण हसत. “अगं, काय तमाशा! बूचशेठ म्हणतो, काका, मूल. मी म्हटलं, मूल कुठे, हे बटण आहे. पण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून साहेब बसलेला, मतदानाचा पहारा. मग मी रांगेतल्यांना म्हटलं, अरे कुणीतरी क्षणभर धरा रे हिला. तर कुणी हात लावेना! धरली की त्याची विक्री बंद. एवढे बाप्ये, आणि एका पोरीला घाबरून मागे सरकले. ही बया सगळ्यांकडे बघून खिदळतेय. तेवढ्यात सूर्य मावळला, शटर खाली.”

“अरेरे,” ती म्हणाली. मनात मात्र म्हणाली, सुटले.

पहिला दिवस बरा गेला. कप बशीवर थोडा खडखडला, सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. उजेड टोचतो म्हणून त्यांनी खिडकीतली खुर्ची आतल्या खोलीत ओढून घेतली, रात्रभर तिची करकर ऐकू येत होती. तिने सूप केलं, “बघा, चेहऱ्यावर किती तरतरी आलीय,” असंही म्हणाली. ते हसले. हसताना त्यांचा ओठ थरथरला, आणि ते तिला दिसलं. तिला सगळंच दिसायचं. फक्त दिसलेल्याचा अर्थ तिने आपल्याला हवा तसा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. “ताप आहे का बाबा?” तिने थर्मामीटर लावला, तो दातांवर टकटक वाजू लागला. जेवण तसंच राहिलं. दुपारी ते भिंतीवरून काहीतरी झटकू लागले.

“काय झालं?”

“मुंग्या. केवढ्या या! पोरीला उचल खालून.”

भिंत स्वच्छ होती. तिने बटणला उचललं आणि छातीशी गच्च धरलं. मग सासऱ्यांनी खुर्चीत ताठ बसून उजवा पाय फरशीवर दाबला, पुन्हा दाबला. “ब्रेक लागत नाहीये,” ते हळूच म्हणाले. “उतारावर आहोत. कुणाला सांगू नकोस, मागे लोक बसलेत.”

तिने फोन हातात घेतला. नणंदेचा फोन लागेना. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप, ते मतदानाच्या कामाला गेलेले. कुणाला बोलवावं आणि काय सांगावं? माझे सासरे दारू पीत नाहीत, म्हणून आजारी आहेत?

दारावर थाप पडली. दारात बूचशेठ, मळक्या बनियनवर घाईने चढवलेला सदरा.

“काका काल दिसले नाहीत खिडकीत. आज पण नाहीत. परवा रिकाम्या हाताने गेले होते ना, मला घास गिळेना.” त्याने आत डोकावलं. फरशीवर ब्रेक दाबणारा पाय त्याला दिसला. “ताई, चादर घ्या, पोर घ्या. मोठ्या दवाखान्यात जायचं. आत्ता.”

“तुमच्याकडे… थोडी असेल तर…” तिच्याच तोंडून हे निघालं याचं तिला नवल वाटलं.

“माझ्याकडे खोलीभर आहे. पण आता मी पाजायची नाही आणि तुम्ही अडवायची नाही. आता डॉक्टरचं काम.”

खाली त्याची मालाची गाडी उभी होती. पाठीवर कायद्याने रंगवून घेतलेली अक्षरं: या वाहनातून माणसे नेण्यास मनाई. त्याने काकांना पुढे बसवून पट्टा बांधला, त्यांच्या शेजारी अर्ध्या जागेत सून, तिच्या कुशीत बटण. सासरा गाडीत बसल्याबरोबर शांत झाला. पुढे काच आणि काचेपुढे रस्ता दिसला की त्या माणसाला जगात कुठेही घरच वाटायचं.

नाक्यावर पोलिसाने दांडका आडवा केला.

“बंदीच्या दिवशी दारूची गाडी? काय आहे आत?”

“माणसं आहेत, साहेब.”

“माणसं न्यायला मनाई आहे. मागे तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलंय. आणि मूल पण आहे. तो गुन्हा वेगळा.” बूचशेठने दोन्ही हात चाकावरून उचलून दाखवले. “परत येताना सगळे लावा. एकही सोडू नका. पण आता जाऊ द्या.”

सुनेने तोंड उघडलं. कॉलेजात वादविवादात पहिली येणारी ती. “माझे वडील आहेत,” एवढंच बाहेर आलं. सासरे म्हणायचं होतं.

तेवढ्यात काका पुढे वाकले आणि करड्या आवाजात ओरडले, “अरे, घंटी मार! मध्येच गाडी का उभी केली? माझ्या गाडीला आजवर उशीर झालेला नाही!”

पोलिसाने त्यांच्या हातांकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं. दांडका बाजूला केला. “असे गेलात तर पुढच्या नाक्यावर पुन्हा हीच पूजा. माझ्या मागून या.” त्याने मोटारसायकलला लाथ घातली आणि हॉर्नवरचा अंगठा दवाखान्यापर्यंत काढला नाही.

दवाखान्याच्या दारात काकांना गाडीतून उतरवतानाच झटका आला. सगळं अंग कमानीसारखं ताठ झालं, डोळे फिरले. स्ट्रेचर, धावपळ, सुई, पडदा. तरुण डॉक्टरीण बाहेर आली. “शेवटची कधी घेतली होती?” सुनेने सांगितलं. “रोज घेणाऱ्याची अचानक सुटली की हे होतं. इथे दारात झालं म्हणून हाताशी सगळं होतं. घरी झालं असतं तर…” डॉक्टरणीने वाक्य पुरं केलं नाही. तेवढी दया तिने केली.

बाकावर बूचशेठ बटणला घेऊन बसला होता. तिने त्याच्या सदऱ्याचं एक बटण आधीच तोडलं होतं. “आता हिला घेऊन मी दुकानात गेलो, तर माझा माल मलाच विकता येणार नाही,” तो म्हणाला. सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. “माझा थोरला भाऊ असाच गेला. लांबलेली बंदी होती. आम्ही म्हटलं ताप आहे, गोधड्या घातल्या. तेव्हापासून बंदी लागली की मी रोजच्या गिऱ्हाइकांच्या खिडक्या बघत फिरतो. बायको म्हणते, धंदा बंद असताना तुझी वणवण जास्त.”

रात्री उशिरा नणंदेचा फोन लागला, आणि दुसऱ्या दिवशी ती मिळेल ती गाडी पकडून आली. सुनेने मान खाली घातली. आता ऐकून घ्यावं लागणार. नणंदेने तिची हनुवटी वर केली. “तू जेवलीस का? डोळे बघ कसे झालेत. दे पोर इकडे, आणि खाऊन ये काहीतरी.” एवढंच. न ऐकलेल्या त्या सल्ल्यावर कधी अवाक्षर नाही, आजतागायत.

काका शुद्धीवर आले तेव्हा सून उशाशी होती.

“काय गं, बस कुठवर नेली मी?”

“दवाखान्यापर्यंत. पुढे पोलीस होता वाट काढायला.”

“म्हणजे मंत्र्याची गाडी झाली की!” त्यांनी मान तिच्याकडे वळवली. “त्या संध्याकाळी तुझं डोकं दुखत नव्हतं, ठाऊक होतं मला. म्हटलं, एवढ्या जिवाच्या आकांताने लेकरू अडवतंय, अडवू दे.”

तिने त्यांचा हात धरला. तो अजून थरथरत होता, पण ऊबदार होता. तिला त्या क्षणी कुणाकुणाचे पाय धरावेसे वाटले: बूचाचे, दांडकेवाल्याचे, डॉक्टरणीचे, मिळेल त्या गाडीने धावत आलेल्या नणंदेचे.

आता डॉक्टरणीच्या गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, हळूहळू कमी होत काकांची बाटली सुटली आहे. एखाद्या संध्याकाळी चिडचिड होते, मग ते बटणला घेऊन बस थांब्यावर जातात आणि तिथून चुका काढतात. कायदा मात्र जागचा हललेला नाही. बिअर अजून गरमच मिळते. अर्ज झाले, सह्या झाल्या, साहेब म्हणाले बघू. पुढच्या बंदीचं पत्रक चिकटलं, तशी सून बूचशेठकडे गेली, बटणला काखेत घेऊनच. तिला काही विकत घ्यायचं नव्हतं. कुठल्या खिडक्या त्याच्या वाटेवर पडत नाहीत, ते तिने विचारून घेतलं आणि त्या आपल्याकडे घेतल्या.

तुमच्याकडचा कायदा निराळा असेल, शहाणाही असेल. पण तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत रोज पिणारं कुणीतरी एकटं माणूस असेलच. सगळे ज्याला बघून नाक मुरडतात ते. दुकानं बंद राहिली, किंवा घरच्यांनी बाटली लपवली, तर दुसऱ्या दिवशी त्याचं दार वाजवा. पाजू नका, उपदेशही करू नका. हात बघा, घाम बघा, बोलतंय ते जागेवर आहे का बघा, आणि शंका आली तर उचलून दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका. आत्ताच जा, बघून या.