एकविसावी स्टेज

शेवटचा रणगाडा फुटला तसा लीलाने रिमोट मांडीवर टाकला आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत दाबून धरला. पडद्यावर गुण मोजले जाऊ लागले. साधे रणगाडे किती मारले, जाड कातडीचे किती मारले, सगळं टकटक करत आलं. वर एकूण स्कोअर उमटला: पाच हजार नऊशे.

टीव्हीला मुंग्या आल्या असतील म्हणून ती उठून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. पाच हजार नऊशेच होते.

काल हाच आकडा एक लाख बारा हजार होता. तिने स्वतः पाहिला होता, आणि जेवताना रघुनाथला दोनदा सांगून त्याचं डोकंही खाल्लं होतं. स्टेज मात्र बरोबर एकविसावी होती, जिथे काल सोडली तिथेच. आकडा कुठे गेला मग?

हा टीव्ही गेम रघुनाथला कंपनीच्या दिवाळीच्या लकी ड्रॉमध्ये लागला होता, सत्त्याण्णवच्या दिवाळीत. बाकीच्यांना टिफिन आणि भिंतीवरची घड्याळं, आणि मूलबाळ नसलेल्या ह्या दोघांना खेळणं! चाळीत बरीच थट्टा झाली. लीलाने आठ दिवस तो खोका कपाटावर ठेवला होता. मग एका रविवारी रघुनाथने तो टीव्हीला जोडला, आणि त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक चार वाजता झाला.

कॅसेटमध्ये चौसष्ट गेम होते. नावं इंग्रजीत, त्यामुळे दोघांनी आपलीच नावं पाडली. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायच्या ती सर्कस. पहिल्याच वळणावर आपटते ती मोटारसायकल. वरून पडणाऱ्या विटा रचायच्या तो गवंडीकाम. रघुनाथला गवंडीकाम आवडायचं, कारण त्यात कुणी मरत नाही. लीलाचे आवडते तीन: सर्कस, मोटारसायकल आणि रणगाडे, पण पहिल्या दोन्हींचं नाव नुसतं घ्यायला. खरा जीव रणगाड्यांवर. खाली मधोमध विटांच्या आडोशाला एक पक्षी बसलेला असतो. असेल गरुड वगैरे, लीला त्याला कोंबडी म्हणायची. चारी बाजूंनी रणगाडे येतात आणि आपण त्या कोंबडीला सांभाळायचं. किलवणी रोडच्या प्लास्टिक कंपनीत दिवसभर झाकणांच्या कडेचं जादा प्लास्टिक ब्लेडने कापून आल्यावर हे असं कुणाला तरी वाचवणं तिला फार बरं वाटायचं. झाकणं काय, कितीही कापा, संपतच नाहीत मेली.

एकच पंचाईत होती. त्या गेमच्या डब्याला काहीही लक्षात राहत नसे. बटण बंद केलं की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून झोपताना ती गेम थांबवून ठेवायची, टीव्ही बंद करायची, आणि डबा तसाच चालू सोडायची. रात्रंदिवस त्याचा लाल दिवा जळत असे. अडॅप्टर तापतो म्हणून तिने त्याखाली एक फरशीचा तुकडा ठेवला होता. अशी एकोणीस दिवस ती एकच डाव खेळत आली होती.

मध्ये लाईट गेली असती तर? तर सगळं पुसलं असतं आणि टीव्ही लावल्यावर चौसष्ट नावांची यादी दिसली असती. आज यादी दिसली नाही. एकविसावी स्टेज थांबवलेली, जशीच्या तशी. फरक एवढाच, जीव तीन होते, नवे कोरे. काल एकच उरला होता. तो खेळ सुरू करताना बटण दाबत दाबत हवी ती स्टेज निवडता येते, फक्त स्कोअर शून्यापासून सुरू होतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे कुणीतरी दिवसा खेळलं, मेलं, आणि तिला कळू नये म्हणून पुन्हा एकविसावी लावून ठेवलं. स्कोअर परत आणता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि एकविसावी चालू आहे हे लीलाखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

तो माणूस सकाळी सात वाजता जेवणाचा डबा घेऊन सायली गावातल्या सुताच्या कंपनीत जातो. रात्री आठला येतो. ती पावणेआठला पुढच्या दाराला कुलूप लावून निघते.

लीला खाली बसली. मागच्या रविवारी त्याने मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. कधी नव्हे ते घरातलं काम केलं म्हणून तिला कौतुक वाटलं होतं. आज टीव्ही लावला तेव्हा आवाज पार बंद केलेला होता. आणि शर्ट! गेले तीन आठवडे त्याचा कंपनीचा शर्ट एका धुण्यात स्वच्छ निघत होता. तिने नवीन साबणाची तारीफ शेजारच्या सरुबाईकडे केली, तिलाही तोच घ्यायला लावला. मशीनवर उभ्या माणसाचा शर्ट असा निघतो होय? काय मूर्ख बाई आहे मी, असं ती मोठ्याने म्हणाली.

गॅसवर रवा भाजून ठेवलेला होता. आज गोड करायचं ठरलं होतं तिचं. सकाळीच तिने सुपरवायझर अरविंदभाईंच्या हातात नोकरी सोडायची चिठ्ठी दिली होती. डॉक्टर म्हणाले होते, ब्लेडचं काम थांबवलं नाही तर अंगठा कायमचा जाईल. महिन्यापूर्वी रघुनाथही रोज मागे लागला होता, सोड, सोड, मी आहे ना. अरविंदभाईंनी चिठ्ठी वाचली आणि खणात टाकली. "सोमवारे सेठ आवतील, तेव्हा देतो," ते म्हणाले. येताना लीला नाक्यापासून घरापर्यंत जवळजवळ पळत आली होती. बातमी सांगायची होती ना.

तिने शिरा केला. रवा भाजलेला होता, करणार काय दुसरं?

सव्वाआठला रघुनाथ आला. चपला काढल्या, डबा मोरीत ठेवला, तोंडावर पाणी मारलं.

"उशीर झाला?" लीलाने विचारलं.

"बस लेट. सायलीच्या रस्त्यात ट्रक आडवा पडला होता."

"दमलात?"

"नाय तर काय. दोन जण आले नाहीत, त्यांचीही मशीनं माझ्याच गळ्यात. सेठ नुसता बोंबलतो, माल काढो, माल काढो."

तिने ताट वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता. शिऱ्याचा पहिला घास घेऊन त्याने वर पाहिलं.

"आज काय आहे?"

"काही नाही. रवा उरला होता."

"मस्त झालाय."

तिला राग आला. असा राग की ताट ओढून घ्यावं आणि विचारावं, कुठे पडला तो ट्रक, सांगा ना, कुठल्या फाट्यावर? दोन माणसं कोण आली नाहीत, नावं काय त्यांची? तीन आठवडे हा माणूस रोज अशा गोष्टी रचत होता आणि ती रोज हळहळत होती, त्याच्या पाठीला बाम लावत होती. पण तो जेवत होता ते बघून तिने नुसता तांब्या पुढे सरकवला. चोरून खाल्ल्यासारखा जेवत होता तो, भराभर, तिसरी पोळी न मागता.

"गेम खेळलीस?" त्याने हात धुताना विचारलं.

"हो. बावीस लागली."

"वा! जीव किती आहेत?"

"तीन."

"पुरतील ना?"

"पुरवायचे," लीला म्हणाली.

भांडी झाल्यावर तो रोजच्यासारखा वाटीत खोबरेल कोमट करून घेऊन आला आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळापासून नखापर्यंत सावकाश तेल जिरवू लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हे त्याने ह्या दोन महिन्यांत सुरू केलं होतं, न सांगता. लीला त्याच्या बोटांकडे बघत होती. सूत ओढून ओढून त्याच्या पहिल्या बोटावर कायम एक भेग असायची, ती कधी भरायचीच नाही. आता तिथे कोवळी गुलाबी कातडी आली होती.

"कळ काढ थोडी," तो म्हणाला. "होळीपर्यंत. मग बस निवांत घरी. खुशाल दिवसभर रणगाडे खेळ."

"तुम्हाला आवडतात का हो रणगाडे?"

त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"मला कुठे जमतंय ते. मी आपला गवंडी."

"एकदा खेळून बघा. वेळ बरा जातो."

"बघू," तो म्हणाला.

तिला वाटलं, आता सांगेल. तेल संपेपर्यंत तिने वाट पाहिली. तो वाटी ठेवायला उठला, जाताना त्याने गेमच्या डब्याचा लाल दिवा जळतोय ना ते वाकून पाहिलं, आणि गादी घातली. लीलाने भिंतीकडे तोंड केलं. राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी भलतंच काही येऊन बसलं. बंद घरात, आवाज बंद करून, हा माणूस दिवसभर काय करत असेल? तीन आठवड्यांत त्याने कालपर्यंत त्या डावाला हात लावला नव्हता. तिचा डाव आहे म्हणून. आजच राहवलं नसणार, आणि आजच मेला बिचारा. पुन्हा एकवीसपर्यंत बटण दाबत बसला असेल घाबराघुबरा होऊन.

सकाळी साडेसहाला त्याने शर्टाची बटणं लावली, केस विंचरले. लीलाने डबा भरून दाराशी ठेवला. समोर चाळीच्या अंगणात बायका दात घासत, बोलत उभ्या होत्या.

तो चपला घालायला वाकला तेव्हा ती म्हणाली, "काल मी नोकरी सोडायची चिठ्ठी दिली होती."

तो वाकलेलाच राहिला.

"अरविंदभाईंच्या खणातच आहे अजून. आज परत मागून घेते. सांगते, अंगठा बरा आहे."

"लीला, अगं पण डॉक्टर..."

"ब्लेडऐवजी पॅकिंगला टाका म्हणून बघते. हातापाया पडायला लागलं तर पडेन."

तो हळूहळू उभा राहिला. तिच्याकडे बघत होता, आणि बघवतही नव्हतं त्याला. ती दाराशी ठेवलेला डबा उचलून परत ओट्यावर ठेवून आली.

"आणि आपल्या चाळीच्या नळाला दोन वाजता पाणी येतं," ती म्हणाली. "मी कामावर असते म्हणून सरुबाई रोज आपलंही भरते. तिची कंबर गेलीय हो. किती दिवस तिच्यावर टाकायचं? आजपासून तुम्ही भरा."

रघुनाथने अंगणातल्या नळाकडे पाहिलं. दोन वाजता तिथे सगळी चाळ रांगेत उभी असते, आणि पुढच्या दारातूनच तिथे जावं लागतं. त्याने चपला परत कोपऱ्यात सारल्या.

"दोन्ही हंडे?" त्याने विचारलं.

"दोन्ही," लीला म्हणाली, "आणि कळशी."