नालेच्या शेजारी

मी होकायंत्र बोलतोय. उत्तर दाखवायची, एवढंच माझं काम. तेही एका दिवशी मला जमलं नाही, आणि शिक्षा भोगली जास्मिननं. ती टोचणी आता सहन होत नाही, म्हणून सांगतो.

मला मागवलं सोनालीनं. ती लोहाऱ्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. डोंगरात सायकल दामटायची आणि नकाशा वाचत लपवलेले नारिंगी-पांढरे झेंडे शोधायचे, असा खेळ तिनं मोबाईलवर पाहिला आणि तिला त्याचं वेडच लागलं. जोडीला तिनं मैत्रिणीला, जास्मिनला ओढलं. जास्मिनचं बाजारात शिलाईचं दुकान आहे. कापडावरच्या खडूच्या रेघा वाचणारी ती, नकाशाच्या रेघाही आठवड्यात वाचू लागली.

दोन महिने तलावाच्या बांधावर सराव झाला. दोघींच्या हँडलवर नकाशाची फिरती पाटी होती, मी मात्र एकटाच, सोनालीच्या पाटीवर. वाट जास्मिननं सांगायची, दिशा मी. जास्मिनचे अब्बा, चाँदपाशा, म्हणाले होते, "एकदा जाऊन ये बेटा. जमलं तर पुढचं बघू." तिच्यासाठी सगळं त्या एकदावर होतं.

स्पर्धा येरमाळ्याजवळच्या डोंगरात होती. निघताना सोनालीच्या आईनं, विठाबाईंनी, काळ्या दोऱ्यात घोड्याची नाल ओवली आणि माझ्या अगदी खाली बांधली.

"आई, कशाला हे?"

"असू दे. लोकांची नजर लई वंगाळ."

लोखंड जवळ आलं की माझी सुई बहकते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण आईच्या हातची नाल कुणाला लोखंड वाटली नाही.

पहिले दोन झेंडे रस्त्यालगतच होते, ते सापडले. पुढं वाट फुटली. जास्मिन थांबली.

"डावीकडं चल. पुढचा झेंडा वढ्याकाठी हाय, आन् नकाशात वढा डाव्या अंगाला हाय."

सोनालीनं माझ्याकडं पाहिलं. नाल मला ओढत होती आणि मी बेलाशक खोटी उत्तर दाखवत होतो.

"सुई काय खोटं बोलती व्हय? नाचता येईना अंगण वाकडं! उजवीकडं चल."

ती म्हणेल तसं दोघी उजवीकडं गेल्या. काट्याकुट्यांतून सायकली खांद्यावर घेऊन परतल्या, तेव्हा वेळ संपून गेली होती. चाँदपाशा मुद्दाम बघायला आले होते. त्यांच्यासमोरच सोनाली म्हणाली, "हिला नकाशाच कळंना." जास्मिननं हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठं आहे?

जास्मिन पुन्हा बांधावर आली नाही. तिच्या घरात पुढं कुणी विषयही काढला नाही.

चार महिन्यांनी विठाबाईंनी ती नाल नव्या चौकटीला ठोकायला मागितली. सोनालीनं दोरा सोडला, नाल बाजूला नेली, आणि माझी सुई गर्रकन वळली. तिनं नाल पुन्हा जवळ आणली, पुन्हा लांब नेली. बारा दिवस ती जास्मिनला लावायला फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

तेराव्या दिवशी तिनं मला आणि नालेला जास्मिनच्या कापड बेतायच्या टेबलावर मांडलं. चाँदपाशाही दुकानात होते.

"चाचा, चूक माझी होती. हिनं वाट बरोबर सांगितली होती."

जास्मिननं एका बोटानं नाल लांब ढकलली. मी वळलो.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"सुई खोटी हाय हे?"

"न्हाय. वढा डावीकडं हाय हे."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तू ऐकलंस कुठं?"

सोनाली मला तिथंच ठेवून गेली.

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. शेजारी मोठी लोखंडी कात्री असते, तिच्यापायी अजूनही माझी मान वाकडी होते. माझ्यावर विसंबणाऱ्यांनो, आधी माझ्या शेजारी काय आहे ते बघा, आणि तुमच्या शेजारी कोण काय सांगतंय तेही ऐका. जास्मिन, तुझी माफी मागायला माझ्याकडं ही एक सुईच आहे.

तिनं सायकल अजून बाहेर काढलेली नाही. पण काल दुकान बंद करताना तिनं कात्री उचलली आणि पार पलीकडच्या फळीवर ठेवली.