वर्गाकडे तोंड केलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. खिशात मावणारा नव्हे. मला खांद्यावर घेतले की माणूस एका बाजूला झुकतो, एवढे माझे वजन. माझ्या पोटात टेप बसते आणि वायर जोडली की तीच टेप मी टीव्हीवर दाखवतो. सध्या माझा मुक्काम अमेरिकेतल्या मिनेसोटात, एका अफाट सरोवराच्या काठावरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या कपाटात असतो. डोळ्यावर काळे झाकण असते. झाकण बसले की मला स्वप्ने पडू लागतात, आणि ती बहुतेक वर्गांचीच असतात.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली आणि मला खिडकीकडे धरले. बाहेर ओल्या सायकलींची रांग उभी होती. मी पाहिलेले पहिले जग ते. मग खोका, मग जहाज, मग कितीतरी दिवस नुसता अंधार. त्या अंधारात मी मनोराज्ये करीत होतो. आपण लग्ने टिपू, धावण्याच्या शर्यती टिपू, निदान एखाद्या बाळाचे पहिले पाऊल तरी टिपू. खोका उघडला तेव्हा समोर आर्लिस नायबर्ग नावाच्या बाई होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या.

प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणे हे आर्लिसबाईंचे काम. तुम्हाला हसू येईल. मलाही आले होते. पण विद्यापीठात शिकवणाऱ्याने आपला विषय दहा-बारा वर्षे घोटलेला असतो, आणि शिकवावे कसे हे मात्र त्याला बहुधा कोणीच सांगितलेले नसते. एके दिवशी तो साठ मुलांसमोर उभा राहतो आणि पुढचे त्याचे तोच पाहतो. अशांसाठी तळघरात ही एक खोली होती. एक टेबल, चार खुर्च्या, एक टीव्ही, कॉफीचे भांडे आणि मी. काही प्राध्यापक त्या खोलीला ‘दवाखाना’ म्हणत, आणि म्हणूनच जे येत ते बॉयलरशेजारच्या मागच्या दाराने येत.

बाई मला वर्गात शेवटच्या रांगेमागे, तीन पायांच्या स्टँडवर उभे करीत. मला पाहून भलेभले विद्वान टाय सरळ करीत, पोट आत घेत. नंतर खोलीत टेप पाहताना प्रत्येकाचे पहिले वाक्य ठरलेले असे: “माझा आवाज असा आहे?” बाई नुसती कॉफी ओतत. त्यांचा एकच नियम कडक होता. टेप ज्याची त्याची. ती तिसऱ्या कोणालाही दाखवायची नाही, विभागप्रमुखांनाही नाही. तीन आठवड्यांत मालकाने नेली नाही तर ती पुसायची. पुसलेले तास कुठे जातात, मला ठाऊक नाही. कधी कधी स्वप्नात ते एकमेकांत मिसळतात आणि रसायनशास्त्राच्या बाई सरोवरावरच्या धुक्यात उभ्या राहून बर्फाला समीकरणे समजावून सांगतात.

त्या ऑक्टोबरात एमेट लाहती आला. तो खडकांविषयी शिकवायचा. त्याचे वडील त्याच सरोवरावर खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर काम केलेले. एमेट त्याच काठावर दगड गोळा करीत वाढला आणि त्या दगडांवरच त्याने आपले सगळे संशोधन केले. तिथल्या पद्धतीप्रमाणे नव्या प्राध्यापकाचे काम सहा वर्षे पाहतात. मग समिती बसते आणि त्याला कायम करते किंवा निरोप देते. निरोप मिळाला तर दुसरे विद्यापीठ शोधायचे, म्हणजे एमेटला ते सरोवरच सोडावे लागणार होते.

“मी फार वेळ घेणार नाही, आर्लिस,” तो दारातूनच म्हणाला.

“बस आधी. लिंबाच्या वड्या आहेत. कालच्या आहेत, पण तक्रार चालणार नाही.”

तो बसला. वडी हातात घेतली, खाल्ली नाही. “मार्चमध्ये माझी समिती आहे. आणि सत्राअखेरच्या अभिप्रायात मुलांनी लिहून दिलंय, हे सर प्रश्न विचारू देत नाहीत. सलग दोन वर्षं तेच. मी विचारतो हो त्यांना. सारखा विचारतो. ते बसतात गप्प.”

“मग बघू या की,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला मी शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो. दुपारी दोघांनी टेप पाहिली. एमेट कागदावर रेघा ओढत होता. “कुणाला काही शंका?” असे तो तासात चौदा वेळा म्हणाला होता.

“चौदा,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा विजय होता. “आता सांगा.”

“मोजलंस बरोबर,” बाई म्हणाल्या. “परवा कॅमेरा फळ्याजवळ ठेवू. तोंड मुलांकडे.”

“मुलांकडे कशाला? नोकरी माझी जायची आहे.”

“म्हणूनच.”

मित्रांनो, तोवर मी मुलांच्या मानाच पाहिल्या होत्या. एखादी वेणी, मफलर, कानामागे खोचलेली पेन्सिल. बाईंनी मुलांची परवानगी घेतली, मला फळ्याच्या कोपऱ्यात उभे केले, आणि माझ्यासमोर एकदम साठ चेहरे आले. खिडकीबाहेर धुके होते. सरोवर दिसत नव्हते, पण त्याचा करडा उजेड वर्गात शिरला होता आणि कॉफीच्या पेल्यांतून वाफ उठत होती. झोपेतून अर्धवट उठलेले ते चेहरे मला फार सुंदर वाटले. इतकी वर्षे मी चुकीच्या दिशेला पाहत होतो असे मला वाटले आणि स्वतःचाच राग आला. मग एमेटने विचारले, “कुणाला काही शंका?” आणि पुढच्याच क्षणी जे घडले ते मी टिपले. त्याला ते दिसणे शक्यच नव्हते.

दुपारी बाईंनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

“आवाज का बंद?”

“तुझा आवाज तुला पाठ आहे. नुसतं बघ.”

पडद्यावर चेहरे हलत होते. बाहेर बर्फ भुरभुरू लागला होता आणि बॉयलर गुणगुणत होता. एमेटने विचारल्याचे मुलांच्या नजरांवरून कळत होते. तिसऱ्या रांगेत कानटोपी घातलेली एक मुलगी होती. तिचा हात कोपरातून उचलला गेला, खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग तिची नजर फळ्याकडे सरकली आणि हात हळूच खाली गेला. एमेट फळ्याकडे वळला होता. पुढच्या खेपेस तोच हात, आणि मागे आणखी एक. आले, थांबले, खाली गेले. एका मुलाने हात वर करता करता तो केसांतून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता.

एमेट पुन्हा रेघा ओढू लागला, या वेळी खाली गेलेल्या हातांच्या. अकरा झाल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“ती टोपीवाली कोण?” त्याने विचारले.

“तुझी विद्यार्थिनी.”

“नाव काय तिचं?”

“मला विचारतोस?”

त्याने टीव्ही बंद केला. मग टेबलाकडे पाहत म्हणाला, “मी विचारतो ना, की वर्ग शांत होतो. ती शांतता मला सोसवत नाही, आर्लिस. वाटतं, आता यांना कळलं, की याला काही येत नाही. म्हणून मी फळ्याकडे पळतो.”

“हं,” बाई म्हणाल्या. “आता ती वडी खा.”

मला त्याची माया वाटली. मुले त्याला शिष्ट म्हणत होती, आणि तो तर घाबरलेला होता.

त्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवली. प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, टेबलाची कड धरायची आणि मनात सात आकडे मोजायचे. ऐकायला सोपे आहे. पण त्या पहिल्या सकाळी तो तीनपर्यंत पोचला तेव्हाच त्याचे कान लाल झाले होते. चार. कोणीतरी खोकले. पाच. सहाव्या आकड्याला टोपीवाल्या मुलीचा हात पुरा वर आला.

“सर, लाव्हा थंड झाला तेव्हा आत बुडबुडे राहिले, असं तुम्ही म्हणालात. बुडबुडा तर रिकामा असतो. मग त्यात तो वलयावलयांचा अकीक दगड कुठून येतो? आमच्या आजीकडे बरणीभर अकीक आहेत.”

एमेटने टेबलाची कड सोडली. “नाव काय तुझं?”

“ट्रेसा बेलँजर.”

“ट्रेसा, तुला काय वाटतं? कुठून येत असेल?”

ती विचारात पडली. मागून कोणीतरी म्हणाले, “पाणी?” दुसऱ्याने विचारले, “दगडात पाणी कसं शिरेल?” आणि मग वर्ग बोलू लागला. लक्षावधी वर्षे थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी, त्यातून बसत जाणारे एकेक रंगीत वलय, हे सगळे मुलांनीच एकमेकांच्या तोंडून काढून घेतले. मी ते टिपत होतो आणि मला वाटत होते, हा तास संपूच नये.

त्या भागातली माणसे कौतुकाला जरा जड. फारच छान झाले तर म्हणतात, ‘काही वाईट नाही.’ वर्गाबाहेर बाईंनी मला खांद्यावर घेतले आणि एमेटला म्हणाल्या, “काही वाईट नाही.” तो दिवसभर हसत होता म्हणे.

पण मुलांची जुनी मते कागदावर उतरलेली होती आणि समितीपुढे तेच कागद जायचे होते. फेब्रुवारीत विभागप्रमुख रॉइस डालग्रेन तळघरात आले, तेही पुढच्या दाराने, बूट आपटत. एकतीस वर्षे शिकवलेले गृहस्थ. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या विभागातली मुले येत. समितीला जाणारे मुख्य पत्र त्यांनीच लिहायचे होते.

“तुझ्या दवाखान्यात आमचा लाहती येतो म्हणे,” ते म्हणाले.

“इथे कोण येतं ते मी सांगत नसते, रॉइस.”

“बरं, नको सांगू. त्याची एखादी चांगली टेप दे. पत्राला आधार होईल.”

“टेप माझी नाही.”

“अगं, मी त्याला वाचवायला बघतोय.”

“मग त्याला विचार.”

दोन दिवसांनी एमेट डालग्रेनसाहेबांना घेऊन आला. हातात दोन टेपा होत्या. त्याने आधी वर्गाला विचारले होते, दाखवू का म्हणून. ट्रेसा म्हणाली होती, “दाखवा. फक्त त्या टोपीबद्दल कुणी काही बोलायचं नाही.” दोन टेपांतली एक होती अकिकाच्या तासाची. एमेटने माझ्या पोटात दुसरी घातली, अकरा हातांची, आणि आवाज बंद केला.

डालग्रेनसाहेबांनी ती शेवटपर्यंत पाहिली. “हे समितीला दाखवलंस तर संपलं तुझं.”

“माहीत आहे, सर. पण नुसता चांगला तास दाखवला तर ते म्हणतील, कॅमेऱ्यासमोर कुणीही बरं शिकवतं. मी काय बदललं ते कळायला आधी हे बघावं लागेल.”

डालग्रेनसाहेब उठले, कोट चढवला, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. “आर्लिस,” ते मागे न पाहता म्हणाले, “गुरुवारी हे यंत्र मोकळं आहे?”

गुरुवारी मी त्यांच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात उभा होतो. काय बोलले ते! पर्वत उभे राहत होते, समुद्र आटत होते. मुले लिहीत होती, हसायच्या जागी हसत होती. मधूनमधून तेही विचारत होते, “काही शंका?” दुपारी ते आले. या वेळी मागच्या दाराने.

आवाज बंद होता. ते टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. दहा मिनिटे गेली, वीस गेली, तास संपला. एकाही मुलाचा हात हलला नव्हता. लिहिणारे हात तेवढे हलत होते.

“बघ,” ते म्हणाले, “एकही नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं.” पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

बाईंनी कॉफीचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. “एमेटच्या पोरांचे हात अर्धे तरी वर येत होते, रॉइस.”

 पेला तसाच निवला. पडद्यावर आता नुसती मुंग्यांची खळबळ होती आणि तिच्याकडेच पाहत ते म्हणाले, “एकतीस वर्षं.” मित्रांनो, एवढ्या मोठ्या माणसाला इतके एकटे मी कधी पाहिले नव्हते. माझे झाकण कोणीतरी लावावे असे मला वाटले.

पत्र त्यांनी तिथेच टेबलावर लिहिले. शेवटचे वाक्य बाईंना वाचून दाखवले: ‘लाहती यांना निरोप द्यायचा असेल तर समितीतील प्रत्येकाने आधी हा कॅमेरा आपल्या वर्गात, मुलांकडे तोंड करून ठेवावा.’ समितीतल्या दोघांनी खरोखर ठेवला. मार्चमध्ये एमेट कायम झाला.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आर्लिसबाई निवृत्त झाल्या. हाताएवढे कॅमेरे आले, माझ्या टेपा मिळेनाशा झाल्या आणि मी कपाटात आलो. कोणी कपाट उघडते ते कागदांसाठी. मला वाईट वाटते. नाही म्हणणे खोटे होईल. पण झाकणाआड तो करडा उजेड पसरतो, चेहरे तरंगत वर येतात आणि मी पुन्हा कामाला लागतो.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात एखाद्या बाई किंवा एखादे सर प्रश्न विचारून लगेच फळ्याकडे वळत असतील. त्यांना तुमची पर्वा नाही असे समजू नका. कदाचित त्यांना भीती वाटत असेल, आणि ती भीती सांगायला त्यांच्याजवळ एखादी खोली, एखाद्या आर्लिसबाई नसतील. शिकवणाऱ्यालाही कोणीतरी जपावे लागते. तुमच्या हातात फार काही नाही, पण एक गोष्ट आहे. हात वर केलात की खाली घेऊ नका. ते वळून पाहीपर्यंत तो तसाच राहू द्या.