मास्तरांचा हात बिथरला

मास्तरांची सून विद्यापीठात मनाचा अभ्यास करायची. हात हलण्याआधी मन त्या हालचालीचं चित्र काढतं, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसरा पक्ष म्हणे, चित्रबित्र काही नसतं, हाताला जे कळतं ते हातातच असतं. या दोघांच्या मध्ये तिचा प्रबंध लटकला होता. आणि घरात तर चाळीस वर्षं कोटांना हाताने काजं करणारे सासरे! गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता त्यांची चार काजं कधी उरकायची, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. एका सुट्टीच्या दिवशी ती वही घेऊन त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात गेली.

"बाबा, सुई कुठे टोचायची ते तुम्हाला आधी डोळ्यांपुढे दिसतं का?"

"दिसत असेल की. त्याशिवाय का सुई जाते?"

"मग जरा बघून सांगाल?"

सुनेने पहिल्यांदाच काही मागितलेलं. मास्तर चष्मा सावरून बसले. दर टाक्याला थांबून सांगू लागले, "चित्र काही सापडत नाही बुवा. पण करंगळी कापडाखाली सरकते बघ! आणि धागा ओढताना मी श्वास धरतो. गंमतच आहे!" तिने भराभरा सगळं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी एका वकिलाच्या कोटाचं काज वाकडं गेलं. उसवून पुन्हा केलं, पुन्हा वाकडं. जेवताना मास्तर भाकरी नुसती कुस्करत बसले.

"अहो, झालंय तरी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"करंगळीकडे बघितलं की सुई चुकते. सुईकडे बघितलं की करंगळी अडखळते. हात गेला माझा."

सुनेने हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून दुकानात गेली. वही घरीच ठेवली.

"बाबा, चूक माझी आहे."

"तुझी कसली? तू विचारलंस, मीच बघत बसलो."

"मला काज शिकवा."

"तुला? तुला धड बटण लावता येत नाही!"

"म्हणून तर."

त्यांनी तिला चिंधी दिली. तिने धागा असा खेचला की चिंधीची पुरचुंडी झाली.

"अगं, विहिरीतून बादली ओढतेस का?" त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून धागा ओढला. "हं. एवढंच."

"एवढंच म्हणजे किती?"

"ते नाही बाई सांगता येत."

ती पुन्हा चुकली, पुन्हा उसवत बसली. तिला कंटाळा येऊ नये म्हणून मास्तर तिच्या नवऱ्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. पाच वर्षांचा असताना त्याने शिवायची हौस म्हणून अंगातली चड्डीच चादरीला शिवून टाकली होती, आणि जेवायला हाक आल्यावर चादरीसकट ताटावर हजर झाला होता. ती खो-खो हसली. हसता हसता तिची नजर खाली गेली. बोलण्याच्या नादात त्यांनी वकिलाचा कोट मांडीवर घेतला होता आणि सुई सरसर चालली होती.

अख्ख्या प्रबंधात तिला असं काही सापडलं नव्हतं. ओठांवर आलेला प्रश्न तिने गिळला.

"मग? आई काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार! तिने कात्रीच आणली…"

ती 'मग?' विचारत राहिली, ते सांगत राहिले. कोट मांडीवरून उतरला तेव्हा कुठे त्यांनी काजांकडे पाहिलं, अंगठा फिरवला, आणि चष्मा काढून उगीचच पुसत बसले. तिने मान खाली घालून आपल्या काजाचा शेवटचा टाका घातला.

मग त्यांनी तिची चिंधी उचलून तिच्या काजात बटण घालून पाहिलं. बटण अर्ध्यातच अडकलं.

"जमेल," ते म्हणाले. "रविवारी ये."