वीतभर पाकीट

इनेझने नाताळची सात कार्डं आधी कापली आणि पाकिटांचा विचार मग केला. सगळा घोळ झाला तो इथेच.

बाई शाळेत शिकवायची, पण फूटपट्टी शाळेत कुलूपबंद आणि शाळेला सुट्टी. मग काय, घरचं माप होतंच की! नंदाखाल गावातल्या त्यांच्या केळीच्या बागेत सगळा कारभार हातांनी आणि वितींनीच चालायचा. तिने जाड कागदावर आपली वीत टेकवली. घडी घातल्यावर वीतभर लांब, अर्धी वीत रुंद अशी कार्डं केली, वर नारळाच्या झापांखाली बाळ येशू रंगवला, आणि कागद संपवून मोकळी झाली.

"बाबा, केळी घेऊन वसईला जाताय ना? येताना सात पाकिटं आणा. वीतभर लांब, अर्धी वीत रुंद. किंचित सैल."

सहा कार्डं नातलगांची होती. त्यांची कुणाला पडलीय! जीव अडकला होता सातव्यात. ते प्लासिडचं, तिच्या थोरल्या भावाचं. बाग सोडून रेल्वेत जातो म्हणाला, तेव्हा बाबांनी त्याच्यावर हात उगारला होता. "तुम्ही बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही," म्हणून तो गेला तो भुसावळलाच. दोन नाताळ झाले. इनेझने पत्रं लिहिली की त्याचं एकच उत्तर, बाबा काय म्हणतात? बाबा काहीच म्हणत नव्हते. लिहिता येत नव्हतं, आणि लिहून घे म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

पाकिटं आली. बाबांच्या वितीची! कार्ड आत टाकलं तर इकडून तिकडे सरकायला लागलं.

"अहो बाबा, ही कसली वीत? पोचेपर्यंत कार्डाचा चुरा होईल!"

"माझ्या वितीला नावं ठेवतेस?" ॲन्सेल्मबाबा तडकले. पाटीवरच्या केळ्यांवर घातलेला कोरा कागद त्यांनी ओढला, त्यावर पंजा फाकवून दाणकन ठेवला. "काढ पेन्सिलने. बघू दे कुणाची वीत खोटी!"

इनेझने हसत हसत पेन्सिल फिरवली. अंगठा, चार बोटं, आणि करंगळी आखूड, कारण तिचं टोक कोयत्याने कधीच नेलं होतं. चित्र पुरं झालं आणि तिचं हसू थांबलं. हाच तो हात.

"पाकिटात हलतंय म्हणतेस ना?" बाबा खाकरले. "मग घाल काहीतरी आत."

तिने तो कागद उचलला, प्लासिडच्या पाकिटाशी धरला आणि बाबांकडे पाहिलं. आता ओरडतात की काय!

"नीट घाल," ते म्हणाले. "घडी अंगठ्यावर नको."

मग भाताची शितं घेऊन पाकीट त्यांनी स्वतःच चिकटवलं.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी, ट्रंक घेऊन प्लासिड फाटकाशी उभा! हातात तोच कागद.

"बाबा, बोलावलंत?"

बाबा केळीत उभे होते. कोयता त्यांनी खाली ठेवला, हात लुंगीला पुसला, पुढे झाले आणि तो आखूड करंगळीचा हात पोराच्या गालावर ठेवला. मग इनेझकडे वळले.

"बघ," डोळे पुसत म्हणाले, "पाकीट बरोबर मापाचंच आणलं होतं मी."